गुडघे दुखणाऱ्या आईला आणि आठ वर्षांच्या मुलाला घेऊन जुन्या रेल्वेवाटेवर जाता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही हडपसरला राहता. आई ६६ वर्षांच्या, त्यांचे गुडघे कुरकुरतात. मुलगा आठ वर्षांचा. घरात कोणी कधी ट्रेक केलेला नाही. मित्राने सांगितलं की शिंदवण्याकडे जुन्या बंद रेल्वेची वाट आहे, अगदी सपाट, बागेत फिरल्यासारखं फिरून येता येतं, आणि बोगदा असेल तर मुलाला मजा. तुम्ही विचारलंय की वाट खरंच सोपी आहे का, किती किलोमीटर आहे, कधी जावं आणि बोगद्यात जायला हरकत नाही ना.

मी रेल्वेत रुळांच्या देखभालीवर बावीस वर्षं काढली. गेली अकरा वर्षं सुटीच्या दिवशी लोकांना पुण्याच्या पूर्वेकडच्या माळांवर फिरायला नेतो. दोन्हीकडचा अनुभव सांगतो की तुमचा खरा प्रश्न किलोमीटरचा नाही. रेल्वेची जुनी वाट पायांना सोपी असते, हे शंभर टक्के खरं. पण ती सोपी असते म्हणूनच माणूस बेसावध होतो. गडावर चढताना आपण प्रत्येक पाऊल बघून टाकतो, इथे गप्पा मारत चालतो. मी पाहिलेली बहुतेक दुखणी या गप्पांच्या ओघात झालेली आहेत. म्हणून आधी ती सोपी का आहे ते सांगतो, मग ती कुठे फसवते ते.

इंजिनाला चढ आवडत नाही. लोखंडी चाक लोखंडी रुळावर घसरतं, त्यामुळे रेल्वे आखणारा माणूस डोंगराला वळसा घालेल, दरी भरून काढेल, टेकडी कापेल, पण चढ वाढू देणार नाही. शंभर मीटरला एक मीटर चढ म्हणजे रेल्वेच्या भाषेत चांगलाच चढ. अशा वाटेवर दोन किलोमीटर चाललात तर वीस मीटर वर जाता, सहा-सात मजल्यांच्या इमारतीएवढं, आणि तेही अर्ध्या-पाऊण तासात पसरून. खंडाळ्याचा घाट देशातल्या सगळ्यात अवघड रेल्वे घाटांपैकी एक, तिथेही चढ ३७ मीटरला एक आहे. सिंहगडाच्या पायवाटेवर तेवढ्याच दोन किलोमीटरांत तुम्ही साधारण चारशे मीटर चढता. गुडघे दुखणाऱ्या माणसाला चढणीपेक्षा उतरण जास्त छळते, आणि रेल्वेवाटेवर उतरण जवळजवळ जाणवतच नाही. आई पर्वतीच्या १०३ पायऱ्या मध्ये एकदोनदा थांबून चढत असतील, तर पायांच्या बाबतीत ही वाट त्यांना नक्की जमेल.

आता ही वाट आली कुठून. पुण्याहून मिरजेकडे जाणारी लाईन सदर्न मराठा रेल्वेने १८८० च्या दशकात टाकली, तीही मीटरगेज, म्हणजे रुळांमधलं अंतर बरोबर एक मीटर. १९७१ मध्ये पुणे ते कोल्हापूर सगळी लाईन ब्रॉडगेज झाली, अंतर १,६७६ मिलिमीटर. नुसते रूळ रुंद करून भागत नाही. मीटरगेजची छोटी गाडी ज्या वळणावरून निघून जायची, तिथे ब्रॉडगेजच्या लांब, जड गाडीला मोठा वळसा लागतो. त्यामुळे घाटाच्या भागात काही ठिकाणी लाईन नव्याने आखली गेली आणि जुनी वाट बाजूला पडली. सगळ्यात मोठा बदल साताऱ्याला झाला. जुनी लाईन शहरापासून लांब, सातारा रोडवरून जायची. आजचं सातारा स्टेशन नव्या आखणीवरचं आहे. (स्टेशनच्या नावापुढे ‘रोड’ असेल तर समजावं की गाव अजून लांब आहे. तुमच्या हडपसरजवळचं सासवड रोड बघा ना, तिथून सासवडला जायला मध्ये अख्खा घाट चढावा लागतो.) शिंदवणे-आंबळे भागात आणि पुढे सालपे-आदर्कीच्या घाटात जुन्या वाटेचे तुकडे असे सुटलेले आहेत. तुमच्या मित्राने सांगितलं ते यातलंच काहीतरी असणार.

तुकडे म्हणतोय ते मुद्दाम. स्टेशनापासून स्टेशनापर्यंत सलग वाट मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. कुठे शेतकऱ्याने बांध घालून ती शेतात घेतलेली असते, कुठे नव्या लाईनचा भराव तिच्यावर चढलेला असतो, कुठे मुरमासाठी उकरलेली असते. अलीकडच्या दुहेरीकरणाच्या कामात घाटाचा चेहरा आणखी बदलला. त्यामुळे दोन वर्षांपूर्वीचं कोणाचंही वर्णन, माझंही, जागेवर पडताळल्याशिवाय धरू नका.

जुनी वाट ओळखायची कशी? घरी बसून उपग्रहाचा नकाशा मोठा करून बघा. बैलगाडीची वाट दगड चुकवत नागमोडी जाते, झाड आलं की वळते. रेल्वेची वाट तसं करत नाही. ती कंपासने काढल्यासारखी एकाच मापाने वळत जाते. जमिनीवर आलात की दुसरी खूण दिसते: जरा वेळ दोन्ही बाजूंना खडक, म्हणजे कटिंग, मग लगेच दोन्ही बाजूंना उतार, म्हणजे भराव. कटिंगमधून निघालेला दगड-मुरूमच पुढच्या भरावात टाकलेला असतो, म्हणून ही जोडी सहसा एकमेकांना सोडत नाही. आणि ओढा कितीही बारीक असो, त्यावर घडीव दगडांची मोरी, म्हणजे खालून पाणी जाऊ देणारा छोटा कमानीचा पूल, असतेच.

इथे एक नियम सांगतो, तो मुलालाही पाठ करायला लावा: जिथे रूळ आहेत ती लाईन चालू आहे. गवत वाढलंय, गंज दिसतोय, गावातला कोणी ‘इथून गाडी येत नाही’ म्हणतोय, काहीही असो. बंद मीटरगेजचे रूळ कधीच उचलून नेलेत, तिथे आता मातीच असते. मिरज लाईनवर आता विजेच्या गाड्या धावतात. डिझेल इंजिन दोन किलोमीटरवरून ऐकू यायचं, विजेची गाडी उतरणीवर वळणामागून येते तेव्हा फार उशिरा कळतं. मी गँगमन लोकांबरोबर काम केलेला माणूस आहे. आयुष्यभर लाईनवर राबलेली, कान तयार असलेली ही माणसं, तीही फसलेली मला माहीत आहेत. चालू लाईन ओलांडायची वेळ आली तर फाटकावरून किंवा पुलाखालून. रुळांवरून चालणं, पोराचा रुळावर बसवून फोटो काढणं, यातलं काहीही नको. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली विनापरवाना रेल्वेच्या हद्दीत शिरणं हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. रूळ उचलले तरी जमीन बहुधा रेल्वेचीच राहते, म्हणून जवळच्या स्टेशनवर मास्तरांना विचारून घ्या. शेतातून जाणार असाल तर शेतकऱ्याला. मला आजवर नाही म्हणणारा शेतकरी क्वचितच भेटला. न विचारता गेलेल्यांना मात्र बोलणी खाताना पाहिलंय.

आता वाट फसवते कुठे ते. सहा-सात वर्षांपूर्वी ऑगस्टच्या शेवटी सोळा जणांना घेऊन अशाच एका वाटेवर होतो. मोरी आली. वरून बघाल तर काहीच नाही, वाट सलग, वर हिरवं गवत. मी मागे कोणाला तरी कसलंसं झाड दाखवत होतो. एक बाई पुढे गेल्या आणि त्यांचा पाय गुडघ्यापर्यंत जमिनीत गेला. घोटा मुरगळला, बाकी निभावलं. नंतर काठी घालून बघितलं तर दगडी कमान जशीच्या तशी, पण कमानीमागचा भराव आतून पोकळ झालेला. वर फक्त गवताच्या मुळांनी धरून ठेवलेला वीतभर मातीचा थर.

असं का होतं ते मला कळायला हवं होतं, कारण ते होऊ नये म्हणूनच तर मी पगार घेत होतो. लाईन चालू असते तेव्हा पावसाळ्याआधी गँग येऊन मोरीचं तोंड मोकळं करते, बाजूची गटारं उपसते, आणि पावसात रात्री कंदील घेऊन गस्त असते. लाईन बंद झाली की हे सगळं थांबतं. मोरीच्या तोंडाशी काटेरी झुडपं आणि गाळ अडकतो, पाणी तुंबतं, आणि भिंतीच्या मागून माती नेत स्वतःची वाट काढतं. दगडकाम शंभर-सव्वाशे वर्षं टिकतं, त्यामागची माती टिकत नाही. त्या दिवसापासून माझी पद्धत ठरलेली आहे. मोरी आली की सगळे थांबतात, मी एकटा काठी ठोकत पुढे जातो, आणि मग एकेकाने वाटेच्या अगदी मधून यायचं, कडेने नाही. शंका आली तर खाली ओढ्यात उतरून पलीकडे. ते आईंना जमण्यासारखं नसेल तर तिथूनच परत. तुमच्याबरोबर आई आणि लहान मूल आहे, तेव्हा पहिली संशयास्पद मोरी हीच तुमची हद्द समजा.

बोगद्याबद्दल माझं उत्तर सरळ ‘नाही’ आहे. मुलाला किती उत्सुकता असेल ते समजतं, पण चालू बोगद्यातसुद्धा आम्ही छताचे सैल दगड नियमित ठोकून पाडत असू. पन्नास वर्षं कोणी न ठोकलेल्या छताखाली मी माझ्या नातवाला नेणार नाही. आत वटवाघळं असतात, त्यांना त्रास होतो आणि त्यांच्या विष्ठेची धूळ श्वासात जाणं चांगलं नाही. तोंडाशी, उन्हात उभं राहून आत बघा. कमानीचे दगड कसे पाचरीसारखे घडवून एकमेकांत बसवलेत आणि मधला कळीचा दगड कुठला, ते मुलाला शोधायला सांगा. माझा अनुभव आहे की मुलांचं त्यानेही समाधान होतं.

कोणीतरी तुम्हाला खंडाळ्याचं जुनं रिव्हर्सिंग स्टेशनही सुचवेल, म्हणून तेही बोलून टाकतो. भोर घाटाची, म्हणजे खंडाळ्याच्याच घाटाची, लाईन १८६३ साली सुरू झाली. मध्ये एका ठिकाणी चढ एवढा की सरळ आखणी जमेना, म्हणून गाडी एका दिशेने चढून थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी उलट दिशेने पुढे चढायची. १९२९ मध्ये विजेच्या कामाबरोबर नवी आखणी झाली आणि ते स्टेशन सुटलं. त्या घाटावर १८६१ साली एका वेळी ४२ हजार मजूर राबत होते. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल इथे आल्यावर थोड्याच दिवसांत वारला आणि त्याची बायको ॲलिस हिने ते काम पुढे नेलं. या जागेबद्दल मला फार ओढ आहे. पण बाजूला तीन चालू लाईनी, वर द्रुतगती मार्ग, पावसाळ्यात शेवाळ आणि कडे. आई आणि आठ वर्षांचं मूल घेऊन तिथे जाऊ नका. मुलगा सोळा वर्षांचा झाला की माहीतगाराबरोबर जा.

मग शिंदवण्याकडे बघायचं काय? भरपूर आहे, फक्त सह्याद्रीच्या जंगलाची अपेक्षा ठेवू नका. हा पर्जन्यछायेतला कोरडा माळ आहे, आणि माझ्या मते पुण्याच्या लोकांनी त्याच्यावर अन्यायच केलाय, ‘उजाड’ म्हणतात. पवन्या आणि कुसळीचं गवत, हिवर, हेकळ, बोर, तरवडाची पिवळी फुलं. भरावाच्या कडेने घायपाताची रांग दिसली तर ती आपोआप आलेली नाही, जनावरं लाईनवर येऊ नयेत म्हणून रेल्वेने केलेलं ते कुंपण आहे. घायपात आयुष्यात एकदाच फुलतं, दोन-तीन पुरुष उंच दांडा काढतं आणि मरतं. मुलाला असा वाळलेला दांडा दाखवा.

कटिंगमध्ये जरा जास्त थांबा. डोंगराचं पोट उघडं बघायला मिळतं ते इथेच. काळ्या बेसाल्टचा एक थर, त्यावर दुसरा, आणि नशीब असेल तर दोघांच्या मध्ये विटेच्या रंगाचा पट्टा. एक लाव्हा येऊन गार झाला, त्याचा वरचा भाग कुजून माती झाली, मग दुसरा लाव्हा त्यावर येऊन पसरला आणि ती माती भाजून निघाली. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीची गोष्ट. गेल्या हिवाळ्यात आमच्याबरोबर एक मुलगी होती, तुमच्या मुलाएवढीच. तिने त्या पट्ट्यावर ओलं बोट घासलं, तळहातावर लाल रेघ ओढली आणि विचारलं, ‘म्हणजे ही माती डायनासोरने बघितलीये?’ मी हो म्हणालो. परतीच्या वाटेवर तिने तो हात कशालाच लागू दिला नाही.

मोरीखाली पाणी असेल तर लांबूनच कमानीच्या आतल्या बाजूला बघा. लालबुड्या भिंगरीचं घरटं असू शकतं, आडव्या बाटलीसारखं, वाटाण्याएवढ्या चिखलाच्या गोळ्यांनी बांधलेलं. पक्षी आत-बाहेर करत असेल तर पाच मिनिटं शांत बसा, त्याहून जवळ जाऊ नका. माळावर टिटवी, चंडोल, खाटीक, वेडा राघू भेटतील. थंडीत तारेवर नीलपंख बसलेला दिसतो. तो उडाला की पंखांचा निळा रंग बघून आईंना दसरा आठवेल.

दोन गोष्टींची भीती बाळगायची, एक साप आणि दुसरं आग्या मोहोळ. या कोरड्या भागात फुरसं आणि घोणस दोन्ही आहेत, आणि जुन्या खडीच्या ढिगासारखी जागा फुरशाला फार आवडते. मुलाला सांगा, दगड उलटायचा नाही, भोकात हात घालायचा नाही, जिथे पाय दिसत नाही तिथे तो टाकायचा नाही. घोट्याच्या वर जाणारे बूट आणि पूर्ण पँट. चावलंच तर दोरी आवळणं, चिरा देणं, रक्त चोखणं काही करू नका. तो पाय किंवा हात हलू न देता १०८ ला फोन आणि थेट दवाखाना. निघण्याआधीच विचारून ठेवा की जवळच्या कुठल्या रुग्णालयात सर्पदंशावरचं प्रतिविषाचं इंजेक्शन आहे. आग्या मोहोळ पुलाच्या आणि उंच कटिंगच्या छज्जाखाली लागतं. त्या दिवशी अत्तर, सेंट काही नको. धूर, आरडाओरडा, दगड मारणं तर नाहीच. काळे लोंबते पोळे दिसले की बोलणं बंद करून मागे फिरा.

कधी जावं हे तुमच्या सवडीवर नाही, पावसावर ठरवा. जोरदार पाऊस होऊन गेल्यावर चार-पाच दिवस कटिंगमधून दगड सुटतात, तेव्हा नको. तुमच्यासाठी नोव्हेंबर ते जानेवारी सगळ्यात बरं. गवत सोनेरी असतं, ऊन सोसवतं, मोरीभोवतीची जमीन सुकून घट्ट झालेली असते. फक्त कुसळं कपड्यांत घुसतात, तेव्हा लोकरी मोजे घालू नका. मार्चनंतर सावली नाही, आईंना त्रास होईल.

पहिल्या खेपेला जाऊन-येऊन चार किलोमीटर पुरे. हडपसरहून सोलापूर रस्त्याने उरुळी कांचन, तिथून शिंदवण्याचा रस्ता. स्वतःची गाडी न्या, कारण छोट्या स्टेशनांवर थांबणाऱ्या गाड्या मोजक्या आणि त्यांच्या वेळा सोयीच्या नाहीत. सकाळी सातला चालायला लागा, घड्याळात एक तास झाला की जिथे असाल तिथून वळा, पुढे कितीही छान दिसत असलं तरी. आईंसाठी घडीचं छोटं स्टूल घ्या. वाटेत बसायला दगड मिळतात, पण त्या दगडाखाली काय आहे ते बसल्यावरच कळतं. माणशी दोन लिटर पाणी, एक मजबूत काठी, गुळपोळी किंवा दशमी असं काहीतरी. प्लास्टिक परत आणा.

एक काम मात्र आईंना नेण्याआधी करा. एखाद्या रविवारी तुम्ही एकटे, नाहीतर त्या मित्राला घेऊन, तेवढी दोन किलोमीटरची वाट आधी चालून या. प्रत्येक मोरीवर काठी ठोका, कुठे वळायचं ते ठरवा, रस्त्याकडेच्या घरात दोन शब्द बोलून ठेवा. मोऱ्या किती लागल्या आणि कशा होत्या ते मला इथे लिहा. फोटो टाकलेत तर कमानीच्या दोन्ही बाजूंच्या भिंती दिसतील असे काढा, वरचं गवत नको. त्यावरून आईंना कुठपर्यंत न्यायचं ते मी सांगू शकेन.